कारेलीबाग

बॅग उघडायच्या आधीच बाबांनी विचारलं,
तिथे उकडतं का आपल्यासारखं?
उकडतं, म्हटलं, पण वारा समुद्राचा असतो.
बरं, म्हणाले, आणि पंखा पाचावर केला.

आई बडोद्याला आली हातमाग शिकायला,
दोन वर्षांसाठी.
लग्न झालं, राहिली.
तांदळाच्या ताटात आजोबांनी अंगठीने
चारुलता लिहिलं.
पासपोर्टवरची त्सुरुको त्या दिवसापासून पासपोर्टवरच.

मांजलपूर पाहिलं, रावपुरा पाहिला.
तिने नकाशावर एकाच नावावर बोट ठेवलं: कारेलीबाग.
तिला वाटलं, कारल्यांचीच बाग असणार.
निघाली पाण्याची टाकी, ओळीने घरं,
रस्त्याच्या मधोमध रवंथ करणाऱ्या म्हशी.
मग तिनेच टाकीच्या पाइपावर वेल चढवला.

दर रविवारी ओट्याशी उभी राहून विचारायची,
कारलं चिरू?
आणि स्वतःशीच हसायची.
टोफू मिळत नाही म्हणून पनीर घालायची, वर अंडं फोडायची.
आम्ही नाकं मुरडायचो.
त्यात हसण्यासारखं काय होतं, कधी विचारलं नाही.

आणि चटका बसला की म्हणायची, आगा!
आम्हीही म्हणायचो.
बोटावर दार आलं, आगा.
लूना घसरली, आगा.
पुण्याची आत्येभावंडं पोट धरून हसायची:
ही बघा बडोद्याची मराठी! आई गं म्हणतात, आई गं!
मलाही वाटायचं, गुजरातीतून आलं असेल.
आमच्याकडे बरंच काही तिथूनच येतं.

तिथे एप्रिलमध्ये सगळं गोत थडग्याशी जेवायला जमतं.
चटया, डबे, बीअरचे कॅन, पोरांची पळापळ.
थडगं कासवाच्या पाठीचं.
विश्वामित्रीच्या काठावर उन्हाला येऊन बसतात ना,
तसंच, फक्त दगडाचं,
टेकडीत अर्धं रुतलेलं.

कामादो मावशी ब्याऐंशीची.
तिचा नातू केंता फोनमध्ये बोलायचा,
फोन मला मराठीत सांगायचा:
वाटेत विमान जेवले का?
आम्ही दोघी फोनकडे बघून मान हलवायचो.
आईचा फोटो मांडीवर घेऊन मी चटईच्या कडेला,
परक्याच्या बारशाला आल्यासारखी.

उठताना पायरीवर नडगी आपटली.
आगा!

मावशीने हातातला डबा खाली ठेवला.
दोन्ही हातांनी माझी नडगी धरली
आणि जे बोलत सुटली ते फोनला येईना.
केंतालाही अर्धंच येत होतं.
तो म्हणाला, ही टोकियोची भाषा नाही, ही घरातली.
शाळेत असा शब्द तोंडातून गेला की
गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे,
पुढचं कुणी चुकेपर्यंत.
आजी म्हणतेय, पाटी सगळ्यात जास्त दिवस
चिरूच्या गळ्यात असायची.

कोण चिरू?

मावशीने माझ्या मांडीवरच्या फोटोकडे बोट केलं.

मग ती थडग्याकडे तोंड करून मोठ्याने काहीतरी म्हणाली.
मला त्यातले दोनच शब्द कळले, फोनशिवाय.
चिरू. आणि बिसाका,
म्हणजे मी, विशाखा.

विमानात रात्रभर तोच रविवार, तोच ओटा.
स्वतःच्याच नावाने ती
आम्हा सगळ्यांसमोर, दर आठवड्याला,
स्वतःला हाक मारून घेत होती,
आणि आम्ही म्हणत होतो, कडू आहे.

आज रविवार.
टाकीवरचा वेल कधीच वाळला, ही कारली मंडईतली.
बाबा पेपर घेऊन बसलेत.
चाळीस वर्षं त्यांनी तिला चारू म्हटलं.
त्यांना अजून सांगितलेलं नाही.
सुरी धुतली. पाट घेतला.
बाबा, कारलं...

पुढचा शब्द तोंडातच थांबला.

अगं चीर की, विचारतेस काय, ते म्हणाले.
तीही प्रत्येक वेळी विचारायची.